मुंबईच्या गच्चीवरून मृगातील तेजोमेघाचे छायाचित्रण: शहरातून काय मिळते आणि काय मिळत नाही

गच्चीवासी

मुंबईतून तेजोमेघांचे, म्हणजे अवकाशातील वायू आणि धुळीच्या मेघांचे, छायाचित्रण करणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे, असे मत या विभागात अधूनमधून मांडले जाते. हे मत अर्धे खरे आहे. त्यातले कोणते अर्धे खरे आहे ते नीट वेगळे काढावे, यासाठी हा धागा सुरू करीत आहे. उदाहरण म्हणून मृग नक्षत्रातील तेजोमेघ, म्हणजे मेसिए यादीतील एम ४२, घेतो. तो आपल्या अक्षांशावरून आकाशात चांगला वर येतो, आणि मोठ्या वस्तुमानाच्या ताऱ्यांची निर्मिती चालू असलेल्या प्रदेशांपैकी तो आपल्याला सर्वांत जवळचा आहे.

हा तेजोमेघ सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या गाभ्यात ‘ट्रॅपेझियम’ नावाचा कोवळ्या ताऱ्यांचा लहानसा समूह आहे आणि त्यातील थीटा-१ ओरायनिस सी हा तारा इतका तप्त आहे की त्याच्या अतिनील किरणांमुळे भोवतालच्या हायड्रोजनच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते पुन्हा अणूंशी जोडले जाताना जो प्रकाश बाहेर पडतो, त्यातील दृश्य भागातली सर्वांत ठळक लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते. तिला आपण हायड्रोजन-अल्फा म्हणतो. त्याच वायूतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरवर हिरवट-निळ्या रेषेत उजळतो. म्हणजे या तेजोमेघाचा बराचसा प्रकाश मोजक्या अरुंद रेषांमध्ये एकवटलेला आहे. शहरातील छायाचित्रकाराचे सारे भांडवल एवढ्या एका गोष्टीत आहे.

आता शहराच्या उजेडाचा हिशेब पाहू. तेज मोजण्याच्या एककाला ‘प्रत’ म्हणतात; तिचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी, आणि एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीच पट. उत्तम काळोख्या ठिकाणी आकाशाची तेजस्विता प्रति चौरस आर्क-सेकंद (आर्क-सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) २२ प्रतीच्या आसपास असते. मुंबईत ती १८ धरली, तर चार प्रतींचा फरक म्हणजे आपले आकाश सुमारे ४० पट उजळ झाले. अंधुक वस्तूच्या बाबतीत, तितकाच स्वच्छ परिणाम मिळवण्यासाठी लागणारा एकूण एक्सपोजरचा वेळ पार्श्वभूमीच्या उजेडाच्या प्रमाणात वाढतो. काळोखात एका तासात मिळणारी गोष्ट मिळवण्यासाठी गच्चीवर ४० तास बसावे लागेल, असा त्याचा अर्थ. येथपर्यंत निराशावादी मंडळींचे म्हणणे बरोबर आहे.

परंतु रस्त्यावरील पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड दृश्य वर्णपटाच्या मोठ्या भागात पसरलेला असतो. ४०० ते ७०० नॅनोमीटर हा ३०० नॅनोमीटरचा पट्टा धरा. प्रत्येकी ७ नॅनोमीटर रुंदीच्या दोनच खिडक्या उघड्या ठेवणारा ड्युअल-बँड फिल्टर लावला, तर पसरट उजेडाचा जेमतेम विसावा भाग आत येतो आणि तेजोमेघाच्या त्या दोन रेषा मात्र जवळजवळ पूर्ण तीव्रतेने येतात. ४० पट तोट्यातील मोठा हिस्सा येथेच भरून निघतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे: वायू स्वतः प्रकाशत असेल, तर गच्ची सोडून जाण्याची घाई करू नये. धूळ केवळ शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करीत असेल, तर गच्चीवर बसण्याचा हट्ट धरू नये. अनुभवी सदस्यांनी यात भर घालावी आणि जेथे पटत नसेल तेथे स्पष्टपणे खोडून काढावे.

नवखी_नजर

लेख आवडला, परंतु माझी अडचण याच्याही आधीच्या पायरीवरची आहे. माझ्याकडे साधा डीएसएलआर कॅमेरा, ५० मिमीची लेन्स आणि तिपाई एवढेच साहित्य आहे. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नाही, फिल्टर नाही. आमची इमारत दादर पश्चिमेला आहे. एवढ्या तयारीवर काही पदरात पडेल का, आणि कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी गच्चीवर जावे?

मध्यरेषा

नवखी_नजर, आपल्या प्रश्नातील वेळेचा भाग आधी घेतो, कारण साहित्यापेक्षा त्यानेच अधिक फरक पडतो.

मृग म्हटले की आपल्याकडे पावसाची आठवण होते, कारण ७ जूनच्या सुमारास सूर्य त्या नक्षत्रात प्रवेश करतो. त्याच कारणाने त्या दिवसांत हे नक्षत्र रात्री दिसतच नाही. छायाचित्रणाचा खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी हा आहे. मुंबईच्या घड्याळाप्रमाणे एम ४२ डिसेंबरच्या मध्यास रात्री पाऊण वाजण्याच्या आगेमागे, जानेवारीच्या मध्यास साडेदहाच्या नंतर थोड्याच वेळाने आणि फेब्रुवारीच्या मध्यास साडेआठच्या सुमारास मध्यमंडळावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो. त्या वेळी त्याची उंची सुमारे ६५ अंश असते. क्षितिजापासून ३० अंशांच्या वर तो सात तासांहून अधिक काळ राहतो, त्यामुळे एका रात्रीत भरपूर वेळ मिळतो.

दिशेचा विचार सहसा कोणी करीत नाही, म्हणून तो मुद्दाम मांडतो. दादर पश्चिमेच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहिले तर शहर, खाडी आणि तिच्यापलीकडची नवी मुंबई असा सलग उजेड असतो. पश्चिमेकडे मात्र किनाऱ्यावरील दिव्यांची रांग संपली की समुद्रच आहे. त्यामुळे मध्यमंडळ ओलांडून मृग पश्चिमेकडे कलू लागला की पार्श्वभूमी थोडी निवळते. शिवाय तोवर दुकानांचे आणि मैदानांचे बरेच दिवे बंद झालेले असतात. वांगणीला किंवा त्यापलीकडे गेलात तर हेच गणित उलटे होते, कारण तेथे मुंबई-बदलापूरचा उजेड वायव्येकडून येतो आणि मृग पूर्व-आग्नेयेला असतानाच काम उरकणे चांगले.

आता साहित्य. आपल्या सेन्सरचे पिक्सेल ४.३ मायक्रॉनचे आहेत असे धरले, तर ५० मिमी लेन्सवर एक पिक्सेल आकाशातील सुमारे १८ आर्क-सेकंद व्यापतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे सेकंदाला १५ आर्क-सेकंद सरकतात. म्हणजे ३ सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये तारा अडीच पिक्सेल सरकेल, आणि ते खपून जाते. एम ४२ चा विस्तार साधारण एक अंश, अर्थात आपल्या चित्रात तो सुमारे २०० पिक्सेल रुंद दिसेल. लहान असेल, पण ओळखू येईल. लेन्स एफ २ किंवा एफ २.८ ला ठेवून ३ सेकंदांच्या ६०० चौकटी रॉ स्वरूपात घ्या. तो अर्ध्या तासाचा एकूण एक्सपोजर झाला.

एरवी लहान एक्सपोजरना कॅमेऱ्याच्या वाचन-गोंगाटाचा, म्हणजे प्रत्येक चौकट सेन्सरवरून वाचताना तीत मिसळणाऱ्या दोषाचा, फटका बसतो. शहरात आकाशच इतके उजळ असते की तो गोंगाट काही सेकंदांतच त्याच्याखाली दबून जातो, म्हणून येथे छोट्या चौकटींमुळे फारसे नुकसान होत नाही.

डोंगरवाट

धागाकर्त्याचा हिशेब मान्य आहे, पण त्यातून निघणारा सल्ला मला अपुरा वाटतो. एम ४२ हे उदाहरणच गच्चीच्या बाजूने झुकलेले आहे, कारण तो आकाशातील सर्वांत तेजस्वी तेजोमेघांपैकी एक आहे. त्याच्या उत्तरेला अर्ध्या अंशावर एनजीसी १९७७ आहे, ज्याला ‘रनिंग मॅन’ म्हणतात. त्याची निळी झाक परावर्तित प्रकाशाची आहे. परावर्तित प्रकाश ताऱ्यांच्या प्रकाशासारखाच सलग वर्णपटाचा असतो. त्यामुळे तुमचा फिल्टर शहराच्या उजेडाला जितकी कात्री लावतो, तितकीच या निळ्या धुळीलाही लावतो. फायदा शून्य.

मृगाच्या सबंध परिसरात ही धूळ पसरलेली आहे. एम ४२ हा प्रत्यक्षात एका विशाल रेण्वीय मेघाच्या आपल्या बाजूच्या पृष्ठभागावर उघडलेला, प्रकाशमान झालेला खळगा आहे. मूळ मेघ त्याच्या मागे अंधारात आहे. नाणेघाटाकडे किंवा भंडारदऱ्याच्या बाजूला काढलेल्या चित्रात तेजोमेघाच्या भोवती तपकिरी-करड्या धुळीचे जे पदर दिसतात, त्यांच्यामुळे तारे कशातून जन्माला येतात ते डोळ्यांना समजते. गच्चीवरच्या चित्रात काळ्या कापडावर ठेवलेले एक गुलाबी फूल दिसते; सुंदर असते, पण ते कोठून उगवले ते दिसत नाही.

आणखी एक तक्रार ताऱ्यांच्या रंगांविषयी आहे. ड्युअल-बँड फिल्टरमधून मृगातील काक्षी (बीटलज्यूस) या ताऱ्याचा नारिंगी आणि राजन्य (रायजेल) या ताऱ्याचा निळसर पांढरा रंग नीट उमटत नाहीत. ज्याला मृगाचे चित्र काढायचे आहे, त्याला हे दोन रंग गमावून चालणार नाही.

गच्चीवासी

डोंगरवाट, परावर्तित धुळीविषयी आपण जे लिहिले ते मी मूळ लेखात शेवटी सूचित केले होते, परंतु आपण ते अधिक नेमकेपणाने मांडले आहे. ताऱ्यांच्या रंगांचा मुद्दा तर पूर्णपणे मान्य. त्यावर गच्चीवरचा उपाय असा की फिल्टर काढून थोड्या चौकटी स्वतंत्रपणे घ्याव्यात. तारे तेजस्वी असल्यामुळे त्यांचे रंग शहरातूनही मिळतात; नंतर फिल्टरच्या चित्रातील तेजोमेघ आणि विनाफिल्टर चित्रातील तारे एकत्र करता येतात.

मात्र ‘झुकलेले उदाहरण’ हा आक्षेप मला मान्य नाही. शृंगाश्व (मोनोसेरॉस) तारकासमूहातील रोझेट तेजोमेघ एम ४२ पेक्षा कितीतरी अंधुक आहे, सुमारे ५,००० प्रकाशवर्षे दूर आहे, आणि तरीही हायड्रोजन-अल्फाच्या फिल्टरने तो शहरातून व्यवस्थित येतो. तेजस्वितेपेक्षा प्रकाशाची जात महत्त्वाची, हे त्यावरून दिसते. धनू राशीतील एम ८ विषयी मला अधिक खंत वाटते. तोही उत्सर्जन करणारा तेजोमेघ आहे, मुंबईतून ४६ अंशांपर्यंत वर येतो, पण तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी सोयीने दिसतो ते महिने पावसाचे. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे उठण्याची तयारी असेल त्यांनाच तो लाभतो.

वर्णपट

धाग्यात ५००.७ नॅनोमीटरच्या रेषेचा उल्लेख आला आहे, आणि तिचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे, म्हणून थोडे विषयाच्या कडेने लिहितो.

मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी काढले. ११ इंची दुर्बीण, कोरडी काच-प्लेट आणि ५१ मिनिटांचा एक्सपोजर. चित्रात केवळ उजळ गाभा आला होता. १८८३ साली इंग्लंडमधील अँड्र्यू एन्सली कॉमन यांनी ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने जे छायाचित्र घेतले, त्यात दुर्बिणीतून डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले. छायाचित्रण हे हाताने काढलेल्या रेखाटनाची जागा घेणारे साधन न राहता डोळ्यांच्या पलीकडे जाणारे साधन ठरले, ते येथून.

त्या काळात या तेजोमेघातील हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते. कोणी ती ‘नेब्युलियम’ या अज्ञात मूलद्रव्याची मानीत, तर नॉर्मन लॉकियर यांचा कल ती मॅग्नेशियमची आहे असे समजण्याकडे होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख असलेले कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी पुण्यातून याच तेजोमेघाच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. ती वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. रेषेचे कोडे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडवले. ती ऑक्सिजनचीच आहे, परंतु आपल्या प्रयोगशाळांतील वायूंपेक्षा कितीतरी विरळ वायूतच ती अशी ठळक होऊ शकते, कारण दाट वायूत अणूंच्या टकरींमुळे तो प्रकाश बाहेर पडण्याआधीच ऊर्जा निघून जाते. आज आपण बाजारातून जो फिल्टर आणतो, त्याची एक खिडकी नेमकी याच रेषेवर उघडलेली असते.

शंकेखोर

मला एक मूलभूत शंका आहे. वांगणीला आठ इंची दुर्बिणीतून मी हा तेजोमेघ पाहिला आहे. तो राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसला. मग छायाचित्रांतील हा लाल-गुलाबी रंग खरा मानावा, की संगणकावर चढवलेला?

वर्णपट

शंका रास्त आहे. मंद उजेडात आपण नेत्रपटलावरील ज्या दंडपेशींनी पाहतो, त्यांना रंग कळत नाही आणि त्यांची संवेदनशीलता ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. ऑक्सिजनची रेषा अगदी शेजारी, ५००.७ वर आहे. म्हणून ती डोळ्यांना चांगली जाणवते आणि गाभ्यात पुरेसा उजेड असल्यामुळे थोडी हिरवट छटाही कळते. ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला दंडपेशी जवळजवळ आंधळ्या असतात. लाल प्रकाश तेथे असतोच. तो न दिसणे ही आपल्या डोळ्यांची मर्यादा आहे.

तथापि सर्व चित्रांना हे लागू होत नाही. गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रेषांना अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग देण्याची जी पद्धत हबल दुर्बिणीच्या १९९५ सालच्या गरुड तेजोमेघाच्या चित्रामुळे सर्वांना परिचित झाली, ती रंगयोजना सांकेतिक आहे. गंधक आणि हायड्रोजन या दोन्हींच्या रेषा प्रत्यक्षात लालच असतात. चित्राखाली कोणती पद्धत वापरली ते लिहिले, म्हणजे पाहणाऱ्याचा गैरसमज होत नाही. येथे चित्रे टाकणाऱ्या सर्वांनी ही शिस्त पाळावी असे मला आग्रहाने वाटते.

दोन_खोल्यांचे_घर

आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप असते आणि रात्रीची किल्ली मागितली की समितीत चर्चा सुरू होते, ती अद्याप संपलेली नाही. अलीकडे ज्या स्वयंचलित स्मार्ट दुर्बिणी आल्या आहेत, त्यांपैकी ५० मिमी व्यासाची एक घेऊन खिडकीतून काम करावे असा विचार आहे. हे कितपत व्यवहार्य आहे?

मध्यरेषा

दुर्बीण व्यवहार्य, खिडकी मात्र फारशी नाही. खिडकीच्या लोखंडी जाळीमुळे ताऱ्यांभोवती किरणांच्या रेघा येतात, खोलीतील उबदार हवा बाहेर पडताना प्रतिमा थरथरते, आणि खालच्या मजल्याच्या वातानुकूलन यंत्राचा गरम झोत थेट समोरून वर येत असेल तर विचारायलाच नको. पूर्वेची किंवा दक्षिणेची उघडी बाल्कनी असल्यास गोष्ट वेगळी.

या दुर्बिणी आकाशाची ओळख स्वतः पटवून घेतात, हा मुंबईकरांसाठी मोठा लाभ आहे. नेहमीच्या विषुववृत्तीय ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि मुंबईत ध्रुव क्षितिजापासून केवळ १९ अंशांवर असतो. तो बहुधा समोरच्या टॉवरमागे किंवा धुरकटात हरवलेला असतो. स्मार्ट दुर्बीण उभ्या-आडव्या अक्षांवर फिरते, त्यामुळे ध्रुवाची गरज पडत नाही. त्याची किंमत म्हणून दीर्घ काळात चौकट हळूहळू फिरते आणि कडेचा भाग कापावा लागतो. मध्यमंडळाजवळ, उंच असताना, हे फिरणे सर्वांत जास्त असते.

जाता जाता: कोणतेही भिंग पावसाळ्यात बंद कपाटात तसेच ठेवू नका. येथील दमटपणात काचेवर बुरशी धरते आणि ती काढणे नव्या फिल्टरपेक्षा महाग पडू शकते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढे पुरते.

नवखी_नजर

मध्यरेषा यांनी सांगितल्याप्रमाणे ३ सेकंदांच्या चौकटी घेतल्या. आमच्या इमारतीच्या समितीने गच्चीची किल्ली दिली, हे विशेष. चौकटी ‘सिरिल’ या संगणक-प्रणालीत एकत्र केल्यावर तेजोमेघाचा आकार स्पष्ट आला आहे, पण गाभा पांढराफटक आहे, एका कोपऱ्यात नारिंगी उजेड चढला आहे आणि लाल रंग अपेक्षेपेक्षा फिका आहे. विमानांच्या रेषा मात्र आपोआप गेल्या.

गच्चीवासी

अभिनंदन. विमानांच्या रेषा जातात, कारण एकत्रीकरणाच्या वेळी प्रत्येक पिक्सेलसाठी इतर चौकटींशी विसंगत ठरणारी मूल्ये वगळली जातात. विमानतळाच्या मार्गाखाली राहणाऱ्यांना या सोयीशिवाय काही करताच आले नसते.

गाभा आणि त्याच्या बाहेरचे पंख यांच्या तेजात प्रचंड तफावत आहे. जी उजळणी (म्हणजे संगणकावर चित्रातील अंधुक भाग उजळवणे) पंखांना पोसते, ती ट्रॅपेझियमला जाळून टाकते. उपाय दोन: उजळणी करताना हात राखावा, किंवा अर्ध्या सेकंदाच्या काही चौकटी वेगळ्या घेऊन त्यांतील गाभा मुख्य चित्रात मिसळावा. कोपऱ्यातील नारिंगी छटा म्हणजे एका बाजूने वाढत जाणारा शहराच्या उजेडाचा चढ (ग्रेडियंट) आहे; सिरिलमधील पार्श्वभूमी काढण्याच्या सोयीने किंवा ‘ग्रॅक्सपर्ट’ या मोफत प्रणालीने तो रंगांची उजळणी करण्यापूर्वीच काढावा. नंतर काढायला गेलात तर तेजोमेघाची कडही त्याच्याबरोबर जाते. लाल रंग फिका असण्याचे कारण कॅमेऱ्यात आहे. सेन्सरवरील अवरक्त-रोधक काच हायड्रोजन-अल्फाचाही मोठा भाग अडवते, साधारण चतुर्थांशच आत येऊ देते. ती काच बदलून घेता येते, पण एवढ्यात त्या खर्चात पडू नका.

आणि हवेकडे लक्ष ठेवा. हिवाळ्यातील धुरकटात धुळीचे कण शहराचा उजेड विखुरतात आणि तेजोमेघाचा प्रकाश शोषतात, असा दुहेरी तोटा होतो. अवकाळी सर पडून गेल्यानंतरची रात्र मिळाली, तर दुसरी सर्व कामे बाजूला ठेवावीत.

डोंगरवाट

वाद पुढे नेण्यापेक्षा एक प्रस्ताव मांडतो. गच्चीवासी यांच्याकडे हायड्रोजन-अल्फाच्या बऱ्याच तासांच्या चौकटी असतील. माझ्याकडे त्याच भागाच्या, घाटावरून फिल्टरशिवाय घेतलेल्या चौकटी आहेत. त्यांत धूळ आणि ताऱ्यांचे रंग आहेत, पण लाल वायूचे तंतू कमी आहेत, कारण काळोखी रात्र एकच मिळाली आणि पहाटे दव पडले. दोन्ही मिळून एक चित्र करावे का? माझी लेन्स १३५ मिमीची आहे, त्यामुळे चौकटीत बाणाच्या खालच्या टोकापासून एम ४२ पर्यंतचा भाग येतो.

गच्चीवासी

आनंदाने. माझी दुर्बीण ३५० मिमीची असल्यामुळे माझा भाग तुमच्या चौकटीत मधोमध बसेल. ताऱ्यांच्या स्थानांवरून जुळवणी होत असल्याने दोन भिन्न नाभीय अंतरांच्या चित्रांचे प्रमाण आणि कोन सिरिल स्वतः जुळवते. तुमचे चित्र आधाराला धरावे लागेल. हायड्रोजन-अल्फा फक्त लाल वाहिनीत, तोही अर्ध्याच्या आत प्रमाणात मिसळू, म्हणजे धुळीचा तपकिरी रंग दबणार नाही. जेथे माझी चौकट संपते तेथे लाल रंगाची कड दिसू नये, म्हणून तिच्या कडा विरळ कराव्या लागतील. एकत्र केलेली, पण उजळणी न केलेली ३२-बिट फाइल पाठवा. चित्राखाली काय कोठून घेतले ते लिहू. वर्णपट यांचा आग्रह आहेच.